आडवा वारा

२८ जानेवारी १९३८. जर्मनीतला फ्रँकफुर्ट ते डार्मस्टाट हा ऑटोबानचा सरळ पट्टा त्या सकाळी वेगाच्या विक्रमासाठी मोकळा ठेवला होता. मर्सिडीझ-बेंझच्या रुडोल्फ काराचिओलाने ताशी ४३२.७ किलोमीटरचा विक्रम करून दाखवला. तो मोडायला ऑटो युनियनचा बेर्न्ट रोझेमायर निघाला. वय अवघे २८, १९३६चा युरोपीय विजेता, आणि चारचाकीकडे वळण्याआधी मोटारसायकलच्या शर्यतींत तयार झालेला. सकाळ सरत गेली तसा वारा वाढत गेला. दुपारी बाराच्या सुमारास ताशी ४०० किलोमीटरच्या पलीकडे वेग असताना त्याची गाडी मोर्फेल्डनजवळ रस्ता सोडून उडाली. रोझेमायर वाचला नाही.

अपघाताच्या कारणावर वाद झाले. वेगामुळे गाडीचे पातळ कवचच आधी निकामी झाले असावे, असे मानणारेही आहेत. तरी सर्वाधिक मान्य झालेले कारण एकच आहे: आडव्या वाऱ्याचा झोत. रस्त्याच्या कडेने झाडी होती आणि अपघात झाला तिथे ती तुटत होती. झाडीच्या आडोशाने येणाऱ्या गाडीला मोकळ्या जागेतला वारा एकदम, बाजूने लागला. त्या दिवशी काही वादळ नव्हते. त्याच रस्त्यावर साध्या वेगाने जाणाऱ्या माणसाला तो वारा फारसा जाणवलाही नसता.

वाहन आणि वारा यांच्या नात्यातली कळीची गोष्ट झाडी तुटण्याच्या त्या जागेत आहे. एकसारखा वाहणारा वारा कितीही जोराचा असला तरी वाहन आणि चालक बऱ्याच अंशी त्याच्याशी जुळवून घेतात. जो वारा एका क्षणी नाही आणि पुढच्या क्षणी आहे, त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. घात होतो तो तेवढ्या वेळात. आणि वाहन जितके वेगवान, हलके आणि निमुळत्या कवचाचे, तितका हा वेळ कमी मिळतो.

किती किलोचा धक्का?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी २५ किलोमीटरचा वारा एक चौरस मीटरच्या सपाट पृष्ठभागावर साधारण ३ किलो वजनाइतका दाब देतो. ताशी ५०ला तो १२ किलो होतो आणि ताशी १००ला ४७ किलो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. ‘कालच्यापेक्षा थोडाच जास्त वारा आहे’ हा अंदाज दुचाकीवर फसतो तो यामुळेच. तीसचा वारा पंचेचाळीसचा झाला की धक्का दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो.

यात आपल्या स्वतःच्या वेगाचीही भर पडते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. वारा बाजूने येतोय, मग आपण हळू गेलो काय आणि जोरात गेलो काय, त्याला काय फरक पडतो, असे वाटते. फरक पडतो. गाडी पुढे जात असते तेव्हा समोरची हवा आणि बाजूची हवा मिळून एकच तिरपा वारा तयार होतो आणि त्याचा वेग दोन्हींपेक्षा जास्त असतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा अगदी काटकोनात येतो आहे, दुचाकी आणि स्वार मिळून वजन १८० किलो आहे आणि वाऱ्यापुढे येणारा भाग एक चौरस मीटर आहे, असे धरू. हिशेब ढोबळ आहे, पण कल यायला पुरेसा आहे. गाडी उभी असेल तर बाजूचा धक्का १२ किलोचा. ताशी ४०ने जाताना तो १५ किलोचा, ६०ने जाताना साडेअठरा आणि ८०ने जाताना २२ किलोच्या वर. वारा तोच, दिशा तीच, आणि केवळ आपल्या वेगाने धक्का जवळपास दुप्पट. वाऱ्याला ‘कमी हो’ म्हणता येत नाही. ॲक्सिलरेटर मात्र आपल्या मुठीत असतो.

रोझेमायरच्या वेगाला हे गणित फार क्रूर होते. ताशी ४३० किलोमीटर वेगाला हवेचा दाब दर चौरस मीटरला ८५० किलोहून जास्त असतो. अशा वेळी ताशी २० किलोमीटरचा आडवा वारा आला तर एकूण हवेची दिशा जेमतेम पावणेतीन अंशांनी बदलते. पण गाडीवर एवढा प्रचंड दाब असताना तेवढा तिरपेपणाही तिला बाजूला लोटायला पुरतो.

वाऱ्यावर रेलणे

चारचाकी आडव्या वाऱ्याला टायरच्या पकडीने तोंड देते. दुचाकीला त्याआधी आणखी एक काम करावे लागते: तिला वाऱ्याच्या दिशेने कलावे लागते. डावीकडून वारा येत असेल तर गाडी किंचित डावीकडे झुकलेली हवी, म्हणजे तिचे वजन एका बाजूला आणि वाऱ्याचा जोर दुसऱ्या बाजूला राहून तोल साधतो. वरच्या उदाहरणात ताशी ४०ने जाताना हा कल सुमारे ५ अंशांचा, ८०ने जाताना ७ अंशांचा. सरळ रस्त्यावर वाकडी चालणारी दुचाकी हे वाऱ्याच्या दिवसात अगदी योग्य चित्र आहे.

हा कल किती लागेल हे तीन गोष्टींवर ठरते. पहिली, वजन. हलक्या स्कूटरला जास्त कलावे लागते, जड बुलेटला कमी. दुसरी, बाजूने दिसणारे क्षेत्रफळ. तिसरी गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते: वाऱ्याचा धक्का जमिनीपासून किती उंचीवर लागतो. ताठ बसलेला स्वार, मागे उंचावर बांधलेली पेटी, पिलियनच्या पाठीवरची फुगलेली सॅक हे सगळे धक्क्याचा बिंदू वर नेतात आणि त्याच वाऱ्याला गाडी अधिक हेलकावते. थोडे पुढे वाकून बसल्याने फायदा होतो, तो क्षेत्रफळ आणि उंची दोन्ही कमी झाल्यामुळे.

आता प्रश्न असा की डावीकडे कलायचे कसे? इथे दुचाकीची एक मजेदार खोड आहे. डावीकडे कलण्यासाठी पुढचे चाक आधी क्षणभर उजवीकडे वळावे लागते. चाके उजवीकडे सरकतात, वरचा भार मागे राहतो आणि गाडी डावीकडे झुकते. याला प्रतिस्टिअरिंग म्हणता येईल. सायकलचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने ‘तुम्ही सायकल डावीकडे कशी वळवता?’ असे अनेक स्वारांना विचारून पाहिले होते. पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर देणारा त्याला एकही भेटला नाही. हात ते करतात, डोक्याला पत्ता नसतो. वाऱ्यात मात्र डोक्याला पत्ता असलेला बरा. वारा डावीकडून येत असेल तर हँडलची डावी मूठ हळूच पुढे ढकलायची; उजवीकडून येत असेल तर उजवी. ज्या बाजूचा वारा, त्या बाजूची मूठ पुढे. हा नियम एवढाच आहे आणि रिकाम्या रस्त्यावर, वारा नसतानाही, तो हातांच्या अंगवळणी पाडता येतो.

एक दिलासाही या हिशेबातच आहे. १८० किलोच्या गाडीवर २२ किलोचा धक्का म्हणजे टायरला बाजूने पेलावे लागणारे ओझे एकूण वजनाच्या आठव्या भागाइतके. ओल्या डांबरावरही चांगला टायर तेवढे सहज पेलतो. म्हणजे आडव्या वाऱ्यात टायर सहसा घसरत नाही. गाडी आपला मार्ग सोडते. ती बाजूच्या लेनमध्ये जाते, दुभाजकाकडे जाते, खडीच्या कडेवर उतरते. राष्ट्रीय महामार्गावरची एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते आणि ताशी ८०ने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. धोका या दोन आकड्यांच्या मध्ये असतो.

धक्का नेमका कुठे लागतो

बाजूचा वारा गाडीच्या सगळ्या अंगावर लागत असला तरी त्याचा एकत्रित परिणाम एकाच बिंदूवर लागल्यासारखा असतो. त्याला दाबकेंद्र म्हणतात. गाडीचा गुरुत्वमध्य वेगळा. हे दोन बिंदू एकमेकांच्या पुढे-मागे कुठे आहेत, यावर वाऱ्यात गाडी काय करेल हे ठरते.

बाणाला पिसे मागे लावतात. त्यामुळे दाबकेंद्र मागे जाते आणि बाणाचे टोक आपोआप वाऱ्याकडे वळते. विमानाची उभी शेपटी तेच काम करते. चारचाकी आणि तीनचाकी वाहनांनाही हे लागू पडते. ज्या गाडीचे इंजिन मागे आणि नाक गोलसर, फुगीर, तिचा गुरुत्वमध्य मागे आणि दाबकेंद्र पुढे. अशी गाडी झोत आला की नाक फिरवून वाऱ्याबरोबर वाहायला लागते. १९३४च्या टाट्रा ७७ या मागे इंजिन असलेल्या चेकोस्लोवाक मोटारीच्या पाठीवर माशासारखा एक उभा पर दिसतो. बकमिन्स्टर फुलरच्या १९३३च्या तीनचाकी डायमॅक्सियन मोटारीचे सुकाणू तर मागच्या एकाच चाकाला होते. जोराच्या वाऱ्यात ती सांभाळणे कठीण आहे, हे खुद्द फुलरला मान्य होते.

दुचाकीला मात्र बाणाचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. डावीकडून झोत आला आणि गाडी बाणासारखी डावीकडे वळली, तर चाके डावीकडे सरकतील आणि गाडी उजवीकडे झुकेल. आपल्याला हवे त्याच्या नेमके उलट. त्यापेक्षा दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या थोडे पुढे असेल तर वारा पुढचे चाक किंचित उजवीकडे लोटतो, चाके उजवीकडे सरकतात आणि गाडी स्वतःहून डावीकडे, म्हणजे वाऱ्याकडे, कलते. स्वाराने जे करायचे ते वाराच थोडेफार करून देतो. गाडी काही इंच बाजूला जाते, पण तोल राहतो. यातला ‘थोडे’ हा शब्द महत्त्वाचा. दाबकेंद्र फार पुढे गेले की काही इंचांचे काही फूट होतात, आणि हाच त्रास पुढच्या चाकावर मोठे कवच चढवणाऱ्यांना झाला.

कवचाचा सौदा

समोरून येणारी हवा कापायची तर वाहनाला प्रवाहरेखित कवच घालायचे: पुढे गोलसर, मागे निमुळते. समोरचा अडथळा कमालीचा कमी होतो. पण हेच कवच बाजूने पाहिले तर विमानाच्या उभ्या केलेल्या पंखासारखे असते. हवा तिरपी आली की ते पंखासारखेच वागते आणि बाजूच्या दिशेने ‘उचल’ देते. शिवाय अशा आकाराचे दाबकेंद्र मध्यावर नसते. थोड्या तिरप्या हवेत ते नाकापासून साधारण एक चतुर्थांश लांबीवर किंवा त्याहूनही पुढे असते. म्हणजे समोरून मिळालेला फायदा बाजूने फेडावा लागतो.

१९५०च्या दशकात मोटारसायकलच्या शर्यतींत हा सौदा उघड्यावर झाला. पुढच्या चाकासकट गाडीचा सगळा दर्शनी भाग झाकणारी कवचे आली. इंग्रजीत त्यांना डस्टबिन फेअरिंग म्हणत. इटलीच्या मोटो गुझ्झीने तर मांदेल्लो देल लारियोच्या कारखान्यातच विंड टनेल बांधला होता. जुलिओ चेझारे कार्कानो यांनी घडवलेली त्यांची आठ सिलिंडरची ५०० सीसी गाडी अशाच कवचात ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास पोचली. सरळ रस्त्यावर तोड नव्हती. पण वाऱ्याचा झोत पुढच्या कवचाला लागला की गाडी बाजूला फेकली जाई. १९५७चा हंगाम संपल्यावर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने पुढचे चाक झाकणाऱ्या कवचांवर बंदी घातली. आजही शर्यतीच्या मोटारसायकलींची पुढची चाके उघडी दिसतात, त्याचे मूळ या बंदीत आहे.

चाके उघडी झाली म्हणून वाऱ्यापासून सुटका झाली नाही. ऑस्ट्रेलियातला फिलिप आयलंडचा शर्यतमार्ग बास सामुद्रधुनीच्या काठावर आहे. २६ ऑक्टोबर २०१९ रोजी मोटोजीपीच्या सरावात पोर्तुगालचा मिगेल ओलिव्हेरा ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने पहिल्या वळणाकडे येत असताना वाऱ्याने त्याला मार्गाबाहेर काढले. तो जोरात आपटला आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीला मुकला. सराव थांबला आणि त्या दिवशीची पात्रताफेरी रविवारवर ढकलावी लागली. जगातले सर्वात कसलेले स्वार आणि सर्वात महागड्या गाड्या हजर असताना आयोजकांनी वाऱ्यापुढे घड्याळ बदलले. ‘मला सवय आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा दिवस लक्षात ठेवावा.

प्रवाहरेखित वाहनांचे टोक पाहायचे तर नेवाडातल्या बॅटल माउंटनला जावे. इथल्या सपाट महामार्गावर माणसाच्या पायाच्या ताकदीवर चालणाऱ्या वाहनांची वेगस्पर्धा होते. २०१६मध्ये टॉड रायशर्टने इटा नावाच्या, पूर्ण कवचात बंद असलेल्या दुचाकीवर झोपून पायडल मारत ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. त्या कवचाला खिडकीही नाही. चालक कॅमेऱ्याच्या पडद्यावर रस्ता पाहतो. इथे वारा सेकंदाला १.६६ मीटर, म्हणजे ताशी जेमतेम ६ किलोमीटरच्या वर गेला तर विक्रम धरत नाहीत. पाठीमागच्या वाऱ्याचा फायदा कोणी घेऊ नये हा त्यामागचा मुख्य हेतू. पण एवढ्या हलक्या, एवढ्या मोठ्या अंगाच्या वाहनाला निवांत हवाच परवडते, हेही तितकेच खरे.

रोजच्या वापरात नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्कच्या रस्त्यांवर व्हेलोमोबिल दिसतात: पुढे दोन, मागे एक चाक आणि सगळ्यावर निमुळते कवच. यांना दुचाकीसारखे कलता येत नाही. त्यामुळे वाऱ्याचे दोन वेगळे परिणाम होतात. नाक वाऱ्याबरोबर फिरू पाहते, आणि जोर फार झाला तर वाऱ्याकडचे पुढचे चाक उचलले जाते. बैठक जमिनीलगत असणे आणि कवच मागे लांब असणे हे यावरचे उपाय रचनेतच आहेत. बाकी चालकाने वेग कमी करायचा. साध्या सायकलवरही हे दिसते. हवाईतल्या कोना इथल्या प्रसिद्ध आयर्नमन स्पर्धेत लाव्हाच्या माळरानावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे थाळीसारखी बंद चाके वापरायला मनाई असे. पुढच्या चाकाच्या खोल रिमला लागलेला झोत थेट हँडलच फिरवतो. म्हणून पुढचे चाक उघडे ठेवणे, हा सायकलपासून मोटोजीपीपर्यंत सगळ्यांनी घेतलेला धडा आहे.

वारा बदलतो त्या जागा

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. पावसाळ्यात महाराष्ट्रावर वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. पुणे–सातारा–कोल्हापूर महामार्ग आणि मुंबई–गोवा महामार्ग हे दोन्ही ढोबळमानाने उत्तर-दक्षिण. म्हणजे जून ते सप्टेंबर या दोन्ही रस्त्यांवर वारा बहुतांशी आडवाच लागणार. कोल्हापूरकडे जाताना तो उजवीकडून येतो आणि आपल्याला डाव्या कडेकडे लोटतो. पुण्याकडे येताना तो डावीकडून येतो आणि आपल्याला दुभाजकाकडे, म्हणजे वेगाने ओव्हरटेक करणाऱ्या गाड्यांच्या पुढ्यात लोटतो. परतीचा प्रवास जास्त सावध असायला हवा, तो केवळ थकव्यामुळे नव्हे.

डोंगराच्या माथ्यावर वारा वेग घेतो, कारण खालून आलेली हवा माथ्यावरून जाताना दाटते. पवनचक्क्या तिथेच उभारतात. साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीमार्गे पठारावर जाणारा रस्ता किंवा पाटण तालुक्यातले वनकुसवडे पाहा. पावसाळ्यात धबधबे बघायला निघालेल्या शेकडो दुचाकी त्याच पठारावर जातात. रस्त्याकडेला पवनचक्क्या दिसल्या तर एवढे समजावे, की इथे वारा जोराचा असतो हे कोणीतरी पैसे खर्च करून आधीच मोजलेले आहे.

खरा धोका मात्र वारा असण्यापेक्षा तो बदलण्यात असतो. घाटातली खिंड संपते तिथे, बोगद्याच्या तोंडाशी, डोंगर कापून काढलेल्या रस्त्याची भिंत अचानक तुटते तिथे, उसाचे उंच फड संपून मोकळे शेत लागते तिथे आणि नदीवरच्या पुलावर. नदीचे पात्र म्हणजे वाऱ्याचा मोकळा मार्ग. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी ओलांडताना हा अनुभव कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने घेतला आहे. अशा जागा दुरून दिसतात, हीच आपली जमेची बाजू. झाडी कुठे संपते, पूल कुठे सुरू होतो, हे पाहून त्याआधीच वेग उतरवता येतो.

चालता-फिरता आडोसा म्हणजे ट्रक. डावीकडून वारा येतो आहे, आपण डावीकडे कललेलो आहोत आणि ट्रकला उजवीकडून ओव्हरटेक करायला घेतले, असे धरा. ट्रकच्या शेजारी येताच वारा तुटतो. दाराला टेकून उभ्या असलेल्या माणसामागचे दार कोणी उघडावे तशी आपली गत होते. कल तसाच राहतो आणि गाडी ट्रककडे ओढली जाते. ती सावरून ट्रकच्या केबिनपुढे निघालो की अडलेला वारा पुन्हा लागतो. त्यात ट्रकच्या नाकाने बाजूला फेकलेली हवाही मिसळते आणि आपण दुभाजकाकडे ढकलले जातो. काही सेकंदांत दोन विरुद्ध धक्के. वारा उजवीकडून असेल तर प्रकार वेगळा: तो आपल्याला सरळ ट्रकवरच रेटतो. दोन्हींवर उपाय एकच. बाजूला भरपूर अंतर ठेवायचे, ट्रकला समांतर रेंगाळायचे नाही आणि अंतर मिळत नसेल तर ओव्हरटेक करायचेच नाही. दुपदरी रस्त्यावर समोरून भरधाव येणाऱ्या एसटीच्या बाबतीतही आधी बाहेर ढकलणारा आणि मग आत ओढणारा झोत येतो. तो दमेपर्यंत हँडलशी झटापट करू नये.

मे महिन्यातला वळीव ही आणखी एक वेगळी जात. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या आधी काही मिनिटे धुळीचा लोट घेऊन येते. तिला ठरलेली दिशा नसते. समोर आकाश काळे आणि खाली धुळीची भिंत दिसली तर ती ओलांडून पुढे जाण्याची शर्यत लावू नये. तिथे वारा क्षणात उलटा फिरतो, आणि आपला कल चुकीच्या बाजूला राहतो.

हँडल हातात असताना

झोत लागला की पहिली प्रतिक्रिया असते हँडल घट्ट आवळण्याची. ती चुकीची. आवळलेल्या हातांतून वरच्या अंगाला बसलेला प्रत्येक हिसका थेट पुढच्या चाकापर्यंत पोचतो आणि वाऱ्याने ढकलले नसेल तेवढे आपणच गाडीला ढकलतो. पकड गुडघ्यांनी टाकीवर घ्यावी, पायांनी फुटरेस्टवर घ्यावी. कोपर वाकलेले, मनगटे सैल. गाडीला थोडे हलू द्यावे. ती हलते आहे म्हणजे ती तोल शोधते आहे.

वेग आधी कमी करावा, झोत लागल्यावर नव्हे. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक एकदम दाबला तर ती सरळ उभी व्हायला बघते आणि वारा तिला हवे तिकडे नेतो. एक गिअर खाली असावे, म्हणजे इंजिन वेगाला धरून ठेवते. लेनच्या मध्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला थोडे सरकून चालवावे. ढकलले गेलो तरी लेन आपलीच राहते. नजर दूर, जिथे जायचे तिथे ठेवावी. दुभाजकाकडे बघत राहिले तर गाडीही तिकडेच जाते.

सामान खाली, घट्ट आणि दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. मागची उंच पेटी रिकामी असली तरी तिचे क्षेत्रफळ कमी होत नाही. सैल रेनकोट फुगू देऊ नये. पिलियनने छत्री उघडणे म्हणजे गाडीवर उंचावर शीड उभारणे. ते हौसेखातरसुद्धा करू नये. प्लायवूड, पत्रा, फ्लेक्सचा बोर्ड असा सपाट माल वाऱ्याच्या दिवशी दुचाकीवरून न्यायचा नाही. टायरमध्ये हवा नेमकी असावी. कमी हवेचा टायर वाऱ्यात उशिरा आणि डळमळीत उत्तर देतो.

थांबावे कधी

थांबायची रेषा आधीच ठरवलेली असावी, कारण वाऱ्यात अडकल्यावर ‘अजून थोडेच राहिले’ हा विचार जिंकतो. मोठ्या यंत्रणाही तसेच करतात. कॅनडातल्या १२.९ किलोमीटर लांबीच्या कॉन्फेडरेशन पुलावर वारा ताशी ७० किलोमीटरच्या वर गेला की मोटारसायकलींना सोडत नाहीत. रामेश्वरच्या जुन्या पांबन रेल्वे पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटर ओलांडे तेव्हा आगगाडीला सिग्नल मिळत नसे. कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या, नदीपात्रापासून सुमारे ६४ मीटर उंच असलेल्या पानवल पुलावर आणि गोव्यात मांडवी व झुआरीवरच्या पुलांवर वारामापक यंत्रे बसवली आहेत. शेकडो टनांची आगगाडी वारा मोजून पुढे जाते, तर १०५ किलोच्या स्कूटरने का जाऊ नये?

आपल्याकडे यंत्र नसले तरी झाडे असतात. लहान झाडे संपूर्ण डोलू लागली की वारा ताशी ३०च्या आसपास समजावा. जाड फांद्या हलू लागल्या, तारा शीळ घालू लागल्या आणि छत्री सांभाळणे कठीण झाले की चाळिशी ओलांडली. हलक्या दुचाकीने इथे वेग निम्मा करावा. मोठी झाडे मुळापासून डोलू लागली आणि वाऱ्याविरुद्ध चालायला त्रास होऊ लागला की वारा पन्नाशीच्या वर आहे. इथे उघड्या पुलावर किंवा पठारावर जायचे नाही. डहाळ्या तुटून रस्त्यावर पडू लागल्या तर कुठेच जायचे नाही. हवामान विभाग सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा देतो, तेव्हा त्यातला ‘ताशी ४० ते ५०’ हा आकडा दुचाकीस्वाराने पावसाच्या आकड्याआधी वाचावा.

थांबायचे तर झाडाखाली आणि जाहिरातीच्या फलकाखाली थांबू नये. पक्क्या इमारतीच्या आडोशाला, रस्त्यापासून आत थांबावे. गाडी साइड स्टँडवर लावताना स्टँड डावीकडे असतो हे लक्षात घेऊन वारा उजवीकडून येईल अशी ती वळवावी, म्हणजे वारा तिला स्टँडवरच दाबून धरतो. डावीकडून वारा आला तर तो गाडीला आधी सरळ आणि मग उजवीकडे पाडतो. गिअर टाकलेले असावे.

सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे हेल्मेटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हेल्मेट पडल्यानंतर वाचवते. आडव्या वाऱ्यात पडूच नये यासाठी लागणारी साधने फुकट आहेत: कमी केलेला वेग, दोन्ही बाजूंना सोडलेली जागा आणि पुढच्या वळणावर झाडी संपते आहे का हे पाहणारी नजर. ही तीन पाळली तर बहुतेक वारे निभावून जातात. जे निभावत नाहीत, त्यांच्यासाठी अर्धा तास थांबणे हाच सर्वात वेगवान मार्ग आहे.